रुळांवरचा घोडा

बसा.

जिथे आहात तिथेच, जरा सैल होऊन.

एक श्वास येऊ द्या. जाऊ द्या. घाई नाही.

आता समोर एक दार आणा. मोठं. घोड्यावर बसलेला माणूस मान न वाकवता बाहेर पडेल, एवढं उंच.

लंडनमधलं केन्सिंग्टन. एकोणिसावं शतक सरत आलं आहे. सकाळ. बागेतलं गवत अजून ओलं आहे.

दाराखालून दोन लोखंडी रूळ निघतात. गवतात थोडे पुढे येतात आणि थांबतात.

एवढाच त्यांचा प्रवास. आतून बाहेर.

त्या रुळांकडे पाहत राहा.

ऐका. चाकं कुरकुरतात. आतल्या काळोखातून काहीतरी पांढुरकं पुढे सरकतं. आधी घोड्याचं तोंड. मग ताणलेली मान. मग रुंद छाती, हवेत उचललेला पुढचा पाय. सगळ्यांत शेवटी पाठीवरचा स्वार.

उजेड त्यांच्यावर येतो.

श्वास घ्या. येऊ द्या तो उजेड.

मागून एक म्हातारा चालत येतो. पांढरी दाढी, डोक्याला चापून बसलेली टोपी. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स. पियानो घडवणाऱ्या गरीब कारागिराचा मुलगा, जन्म 1817 चा. लोक त्याला चित्रकार म्हणून ओळखतात. पण रोज उजाडलं की त्याला हा घोडा बोलावतो.

तो उभा राहतो. पाहतो. अजून हात लावत नाही.

तुम्हीही नुसतं पाहा.

घोडा दगडाचा नाही. ओल्या मातीचाही नाही. ओली माती म्हाताऱ्याच्या दुखऱ्या सांध्यांना सोसत नाही. प्लास्टर, सरस आणि वाखाचे तुकडे एकत्र कालवायचे. थरावर थर चढवायचे. वाळलं की खरवडायचं, तासायचं, पुन्हा थर.

मनातल्या मनात तळहात त्या पाठीवर ठेवा.

खरखरीत. थंड. उन्हाच्या बाजूला किंचित कोमट.

राहू द्या हात तिथेच.

आता वर पाहा. स्वाराकडे.

आपल्या गावातल्या चौकात घोड्यावर कोणी असला, तर त्याला नाव असतं. कमरेला तलवार असते. खाली कोरलेली पाटी असते.

याला नाव नाही. तलवार नाही. अंगावर वस्त्रसुद्धा नाही.

घोडा थोपवून तो फक्त दूर पाहतो. एक हात डोळ्यांवर आडवा धरलेला. उन्हात दूरचं दिसावं म्हणून आपण धरतो ना, तसाच.

तुमचाही हात हळूच वर न्या. कपाळाशी धरा.

डोळ्यांवर पडलेली ती लहानशी सावली जाणवते का?

थांबा त्या सावलीत. एक श्वास. आणखी एक.

बागेत खरवडल्याचा आवाज येतो. थांबतो. म्हातारा चार पावलं मागे जातो. उजेड सरकला की छातीवरची सावली सरकते, आणि काल बरोबर वाटलेलं आज चुकलेलं दिसतं.

तो पुन्हा जवळ येतो. पुन्हा खरवडतो.

संध्याकाळी घोडा रुळांवरून आत जातो. सकाळी बाहेर येतो. 1883 च्या सुमारास हात घातलेलं हे काम वीस वर्षं असंच चालू राहतं.

पुरं होत नाही.

त्या पुऱ्या न होण्याजवळ थोडा वेळ बसा. ते सोडवायचं नाही. नुसतं बसायचं.

याच घराला लागून त्याने 1881 मध्ये चित्रांसाठी एक दालन उभं केलं आहे. शनिवार-रविवारी दार उघडतं. बाहेरची माणसं आत येतात, आपापल्या पावलांनी, आपापल्या शांततेने.

मग एक खेडं. सरे परगण्यातलं कॉम्प्टन. पत्नी मेरी तिथल्या मातीची भांडी घडवते, गावकऱ्यांना घडवायला शिकवते. तिथे दुसरं दालन उभं राहतं. 1904 च्या एप्रिलमध्ये त्याचं दार उघडतं.

1 जुलैला म्हातारा जातो. सत्याऐंशी वर्षांचा.

श्वास सोडा. सावकाश.

घोडा अजून आहे. 1907 पासून तो केन्सिंग्टनच्या बागेत ब्राँझमध्ये उभा आहे. आणि म्हाताऱ्याच्या हातांनी खरवडलेला तो पांढुरका घोडा आता कॉम्प्टनच्या दालनात आहे. अनोळखी माणसं त्याच्याभोवती फिरतात, मान वर करून पाहतात.

पाहा, दालन म्हणजे तेच रूळ. जरा लांबवलेले.

आता तुमच्या आत पाहा. हळूच.

काही आहे का तिथे, काळोखात उभं? अर्धं घडलेलं. बऱ्याच दिवसांत हात न लागलेलं.

त्याला नाव देऊ नका. पुरं करायला धावू नका.

फक्त दार थोडं ढकला. चाकं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

उजेड त्याच्यावर पडू द्या. कुठे खडबडीत आहे ते दिसू द्या.

संध्याकाळी ते परत आत नेता येतं. सकाळी पुन्हा बाहेर.

एक श्वास. येऊ द्या. जाऊ द्या.

तुमचा हात अजून कपाळाशी असेल, तर खाली येऊ द्या.

स्वाराचा तसाच राहू दे.