‘वय झालं’ हे निदान नव्हे

कारंजा लाडच्या दिगंबर मंदिरांनी जैन हस्तलिखितांचा मोठा ठेवा पिढ्यान् पिढ्या सांभाळला. त्यातले अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकात हिरालाल जैन यांनी संपादून अभ्यासकांपुढे आणले. वाशिम जिल्ह्यातल्या या गावाने जपलेल्या विचाराचा गाभा म्हणजे अनेकान्त. ‘सगळ्यांचंच थोडंथोडं बरोबर’ असा त्याचा गुळमुळीत अर्थ आज लावला जातो. मूळ विचार त्याहून कडक आहे. कोणत्याही घटनेमागे काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे असतात. त्यातले एकच धरून बसणे म्हणजे मिथ्यात्व, असे जैन दार्शनिक सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त मांडले. म्हातारा माणूस अडखळू लागला, विसरू लागला की ‘वय झालं’, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. सिद्धसेनांच्या कसोटीवर हा निव्वळ कालवादी एकान्त, म्हणजे काळ हे एकच कारण धरून बसणे, आहे, आणि तो किती महागात पडू शकतो हे एक आजार दाखवून देतो.

त्याचे नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. कोलंबियाचे सालोमोन हाकिम आणि अमेरिकेचे रेमंड अ‍ॅडम्स यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचून त्या फुगतात, पण कमरेतून सुई घालून मोजलेला त्या पाण्याचा दाब साधारणच भरतो. चाल बिघडते, लघवीवरचा ताबा सुटतो, बुद्धी मंदावते. ही तिन्ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात, म्हणून त्यांचा क्रम आणि रूप पाहावे लागते. अल्झायमरमध्ये बहुधा आधी स्मरण जाते आणि चाल पुष्कळ उशिरा बिघडते. इथे बहुधा चालच आधी बिघडते. पाय फाकलेले, पावले आखूड आणि जमिनीला चिकटल्यासारखी. कंपवातात कंप व ताठरपणा बहुतेकदा एका बाजूने सुरू होतो, चालताना हात हलेनासा होतो आणि लेव्होडोपाने गुण येतो. इथे हात बऱ्यापैकी हलत राहतात आणि त्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. नुसत्या स्कॅनवरही विसंबता येत नाही, कारण मेंदू झिजला तरी पोकळ्या रुंदच दिसतात. म्हणून कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल ताडून पाहतात. ती सुधारली तर शंट, म्हणजे जादा पाणी पोटात वळवणारी नळी, उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

यावर पहिला आक्षेप धार्मिक असेल: जरा, म्हणजे म्हातारपण, हा कर्मभोग आहे, तो समत्वाने सोसावा. पण पाच कारणांच्या यादीत पुरुषार्थही आहे, तो वगळून उरलेले कर्म हाही एकान्तच. शिवाय समत्व हे न टळणाऱ्याबद्दल असते. टळेल की नाही हे न तपासता धरलेले मौन म्हणजे हलगर्जीपणा. दुसरा आक्षेप असा की इतक्या बाजू पाहणारा कधी निर्णयच घेणार नाही. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात मात्र इंद्रियज्ञानाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. प्रथम ओझरते भान, मग चौकशी, मग निश्चय, मग तो टिकवणे. ‘वय झालं’ म्हणणारा पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो. निश्चय करायचाच आहे, पण ईहेनंतर.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एकाच मेंदूत हा आजार आणि अल्झायमर दोन्ही असू शकतात. पाणी काढून फरक पडला नाही तरी आजार नाहीच असे ठरत नाही. शंटमुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग होऊ शकतो, नळी तुंबू शकते. चाल सुधारते तितकी स्मृती सुधारेलच असे नाही. हे सारे खरे आहे, म्हणूनच ‘या अपेक्षेने आहे, त्या अपेक्षेने नाही’ अशी अनेकान्ताची मोजकी भाषा इथे हवी. बरे होण्याची हमी कोणी देऊ नये आणि बरे होणारच नाही असा निकालही तपासाआधी कोणी देऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल विसरभोळेपणाच्या आधी बिघडली असेल, तर तो क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्या. काळाला दोष देण्याआधी एवढा पुरुषार्थ आपल्या हातात आहे.