फॉर्मॅट मारण्याआधी

गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येते: "सगळं डीमध्ये टाकून ठेवा, सीला फॉर्मॅट मारतो." मशीन रेंगाळू लागले, व्हायरस शिरला किंवा विंडोज सुरूच होईना, की उपाय ठरलेला. गिऱ्हाईक लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, सातबाऱ्याचे स्कॅन डीमध्ये हलवते आणि निर्धास्त होते. दुकानदार पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करतो आणि पडद्यावर एक यादी येते. त्या यादीत सी नसतो आणि डीही नसतो. 'ड्राइव्ह 0 पार्टिशन 2', 'ड्राइव्ह 0 पार्टिशन 3' अशा ओळी असतात, पुढे एकूण जागा आणि मोकळी जागा. ज्या दोन अक्षरांच्या भरवशावर सगळे बोलणे झाले, ती अक्षरे ऐन वेळी गायब झालेली असतात. मुरलेला मेकॅनिक जागेच्या आकड्यावरून ओळखतो. पण डिस्क कोणी बरोबर निम्मी-निम्मी वाटलेली असेल, तर दोन ओळी जुळ्या भावांसारख्या दिसतात. बरोबर ओळ निवडून फॉर्मॅट दाबले की इशारा येतो: या पार्टिशनमध्ये महत्त्वाच्या फाइल असू शकतात, फॉर्मॅट केल्यास सर्व माहिती जाईल. चुकीची ओळ निवडली तरी इशारा हाच, शब्दही हेच.

मेख इथेच आहे. दोन्ही वेळी सारखाच बोलणारा इशारा माणसाला काहीच सांगत नाही. धोका आहे हे दुकानदाराला ठाऊकच असते. सी पुसण्यासाठीच तर तो बसला आहे. त्याला हवे असते एवढेच, की समोरची ओळ सी आहे की डी.

ही चूक फक्त गल्लीतल्या दुकानात होते असे नाही. अलास्का हे अमेरिकेचे राज्य तेलाच्या उत्पन्नातून एक कायम निधी चालवते. 1976 साली तो उभा राहिला आणि 1982पासून राज्यातल्या रहिवाशांना त्यातून दरवर्षी लाभांश मिळतो. जुलै 2006मध्ये तिथल्या महसूल खात्यात एक तंत्रज्ञ नेहमीच्या देखभालीचे काम करत होता. त्या कामात लाभांशाच्या अर्जदारांची माहिती असलेली डिस्क पुसली गेली आणि पाठोपाठ बॅकअपची डिस्कही चुकून फॉर्मॅट झाली. तिसरा आधार होता टेपचा. टेप काढल्या, तर त्या वाचताच येईनात. निधी तेव्हा सुमारे 38 अब्ज डॉलरचा होता. पैसे जागेवर होते, पण कोणाला द्यायचे याची 9 महिन्यांची नोंद गेली होती. अर्ज, जन्मदाखले, रहिवासाचे पुरावे मिळून सुमारे 8 लाख स्कॅन केलेली पाने नाहीशी झाली.

वाचवले ते कागदाने. मूळ अर्ज 300हून अधिक खोक्यांत भरून ठेवलेले होते. सुमारे 70 माणसे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसली, खोकी उघडली आणि पान अन् पान पुन्हा स्कॅन केले. ऑगस्ट संपेपर्यंत काम उरकले. या साऱ्याचा खर्च 2 लाख डॉलरच्या वर गेला. त्या वर्षीचा लाभांश माणशी 1,106.96 डॉलर होता आणि तो लोकांना मिळाला. एका चुकीच्या डिस्कवर हात पडला, म्हणून 70 माणसांचा उन्हाळा त्यात गेला.

फॉर्मॅट म्हणजे नेमके काय होते, हेही पाहायला हवे. डिस्क हे जाडजूड पुस्तक मानले, तर साधा, म्हणजे क्विक फॉर्मॅट फक्त अनुक्रमणिका फाडून तिथे कोरी अनुक्रमणिका चिकटवतो. आतली पाने जागेवरच असतात. म्हणून तर डेटा रिकव्हरीची दुकाने चालली. 1991च्या एमएस-डॉस 5मध्ये मायक्रोसॉफ्टने 'अनफॉर्मॅट' ही आज्ञाच दिली होती. फॉर्मॅट करताना जुन्या अनुक्रमणिकेची नक्कल बाजूला ठेवली जाई आणि चूक वेळेत लक्षात आली तर ती परत बसवता येई. कायमचे पुसायचे असेल, तर तसे मुद्दाम सांगावे लागे. म्हणजे आपोआप मिळायचा तो सुरक्षित मार्ग, आणि धोक्याच्या मार्गाला जास्तीचे कष्ट. हा क्रम फार शहाणपणाचा होता.

आज ती सोय नाही, आणि एसएसडीने परिस्थिती अधिकच बिकट केली. एसएसडीवर फॉर्मॅट मारला की बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीम 'ट्रिम'चा निरोप धाडते: या जागा आता लागत नाहीत. मग डिस्क आपल्या सवडीने त्या जागा आतून साफ करून टाकते. अनुक्रमणिकेबरोबर पानेही जातात. विंडोजचा 'फुल फॉर्मॅट' तर व्हिस्टापासून सगळीकडे शून्ये लिहितो. पूर्वी चूक निस्तरायला काही दिवस मिळत, आता काही सेकंदही मिळतील याची खात्री नाही. त्यामुळे जी काही सावधगिरी घ्यायची ती फॉर्मॅटच्या आधी, अवजाराच्या आतच घेतली पाहिजे.

या अवजाराचा इतिहास अशा सावधगिरीचाच आहे, आणि ती प्रत्येक वेळी उशिरा आलेली आहे. 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी 10 एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. त्याआधी फॉर्मॅट म्हणजे कोरी फ्लॉपी तयार करणे, त्यामुळे ही आज्ञा बिनधास्त होती. डिस्क आली तरी तिचा स्वभाव तोच राहिला: 'फॉर्मॅट सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा.' कोणतीही! पुढे 'होय की नाही' असा प्रश्न आला. त्याच्याही पुढचे पाऊल मात्र खरोखर हुशारीचे होते. हार्ड डिस्क पुसायची असेल तर डॉस विचारू लागले, या डिस्कचे सध्याचे नाव काय? नाव जुळले नाही की फॉर्मॅट नाही. हाताची सवय इथे उपयोगाची नाही, कारण नाव आठवायला किंवा शोधायला त्या डिस्ककडे पाहावेच लागते. प्रोग्रामरांच्या गिटहब या संकेतस्थळावर एखादा प्रकल्प कायमचा काढताना त्याचे नाव टाइप करून घेतात, त्यामागे हाच विचार आहे.

नुसत्या 'होय की नाही'ने भागत नाही, याचे कारण माणसाच्या मनाच्या ठेवणीत आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1980च्या दशकात संगणकावरच्या चुकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे निरीक्षण असे, की 'नक्की पुसू का?' असे विचारले तेव्हा माणूस पुसण्याच्या कृतीला हो म्हणत असतो. कोणती वस्तू पुसली जाते आहे, तिकडे त्याचे लक्षच नसते. कृती त्याला हवीच असते. चुकलेली असते ती वस्तू, आणि तिच्याबद्दल त्याला कोणी विचारलेलेच नसते. अॅपलमध्ये मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रस्किन यांनी 2000 सालच्या आपल्या पुस्तकात याची दुसरी बाजू मांडली. रोज येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बोटांना पाठ होते. प्रश्न आणि होकार मिळून एकच सवय बनते आणि प्रश्न असून नसल्यासारखा होतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. दुकानात, सायबर कॅफेत, शाळेच्या कार्यालयात विंडोज बहुधा इंग्रजीतच चाललेले असते. इंग्रजी वाचायला ज्याला वेळ लागतो, तो वाचतच नाही. खिडकी आली की 'ओके' दाबायचे, एवढे शिकवलेले असते. चार ओळींचा इंग्रजी इशारा त्याच्यापुढे ठेवून नंतर "तुम्हाला सांगितलं होतं" म्हणणे हा अन्याय आहे.

मग चांगली तपासणी कशी असते? तिचा सुंदर नमुना लिनक्समध्ये, थिओडोर त्सो यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या 'एमकेई2एफएस' या फॉर्मॅटच्या अवजारात सापडतो. डिस्क वापरात असेल तर ते सरळ नकार देते: ही जोडलेली आहे, इथे फाइल सिस्टीम बनवणार नाही. वापरात नसेल, पण आधीचे काही असेल, तर ते आत डोकावते आणि जे दिसले ते सांगते. या पार्टिशनवर ईएक्सटी4 फाइल सिस्टीम आहे, तिचे नाव 'डेटा' आहे, ती शेवटची 'होम'वर, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलच्या जागी, अमुक दिवशी जोडली होती. तरी पुढे जायचे? अशा निरोपापुढे बोटे थांबतात. 'होम' आणि कालची तारीख एकत्र दिसली की काळजाचा ठोका चुकतो, आणि तो आधीच चुकलेला बरा. इथे अवजाराने धमकावलेले नाही, समोर काय आहे ते दाखवले आहे. 'एमकेएफएस डॉट एक्सएफएस' हे लिनक्सचेच दुसरे फॉर्मॅटचे अवजार तर अशा वेळी थांबतेच. पुढे जायचे तर सक्तीचा पर्याय वेगळा लिहावा लागतो.

उलट 'डीडी' ही आज्ञा घ्या. पेन ड्राइव्हवर लिनक्स चढवायला ती सर्रास वापरतात. ती काही विचारत नाही आणि काही दाखवतही नाही. डिस्कचे नाव 'एसडीबी'च्या जागी 'एसडीए' लिहिले गेले, म्हणजे एका अक्षराचा फरक, की पेन ड्राइव्हऐवजी मशीनची मुख्य डिस्क गेली. शिवाय ही नावे डिस्क ओळखल्या गेल्या त्या क्रमाने पडतात, त्यामुळे काल 'बी' असलेली डिस्क आज 'सी' असू शकते. अशी सारखी नावे फार घात करतात. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने डेटाबेसच्या दुय्यम सर्व्हरवर चालवायची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालवली. दोन्हींच्या नावांत फरक होता तो 1 आणि 2 या आकड्यांचा. एक-दोन सेकंदांत चूक उमगली, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. कंपनीने सगळी हकीकत जाहीर केली आणि सुधारणांच्या यादीत हेही लिहिले, की कोणत्या सर्व्हरवर आहोत ते टर्मिनलच्या ओळीवरून ठळक कळले पाहिजे.

जाणकारांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शेकडो सर्व्हर रोज स्क्रिप्टने उभे करायचे असतील, तर प्रत्येक वेळी अवजाराने प्रश्न विचारून कसे चालेल? पण टर्मिनलसमोर माणूस बसला आहे की स्क्रिप्ट, हे अवजाराला ओळखता येते. एमकेई2एफएसचा प्रश्न माणसासाठीच असतो. खरा धोका वेगळा आहे. सक्तीचा पर्याय इंटरनेटवरच्या उत्तराबरोबर नकलून आयता हाती येतो आणि नवशिका तो अर्थ न कळता चिकटवतो. म्हणून नुसत्या त्या पर्यायावर वापरात असलेली डिस्क पुसू देऊ नये. त्यासाठी वेगळे, लांबलचक आणि लिहायला कष्ट पडतील असे काही मागावे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चुकीची वस्तू हाताशीच न ठेवणे. पेन ड्राइव्ह तयार करणारे 'रुफस' मुळात यूएसबी पेन ड्राइव्हच दाखवते. मोठ्या हार्ड डिस्क यादीत आणायच्या तर तसा पर्याय निवडावा लागतो. जे दिसत नाही त्यावर हात पडत नाही. आपल्या घरातली तीन पिनांची प्लग हेच करते. वरची पिन जाड आणि लांब, त्यामुळे उलटी बसवायची म्हटली तरी बसत नाही. तिला कोणतीही सूचना लिहावी लागत नाही.

जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांत अशा युक्त्या रुजवल्या. आधी त्यांचे नाव होते 'बाका-योके', म्हणजे मूर्खापासून बचाव. 1963 साली एका कारखान्यातली कामगार हे नाव ऐकून रडली: मी इतकी मूर्ख आहे का? शिंगोंनी नाव बदलून 'पोका-योके' केले, म्हणजे नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव. फॉर्मॅटची अवजारे लिहिणाऱ्यांनी ही हकीकत जवळ बाळगावी. अलास्कातला तंत्रज्ञ मूर्ख नव्हता आणि गिटलॅबचा अभियंताही नव्हता.

आणि विंडोजच्या एका खिडकीबद्दल लिहायलाच हवे. कॅमेऱ्याचे कार्ड लावले आणि ते वाचता आले नाही, की ती म्हणते: ही डिस्क वापरण्याआधी तुम्हाला ती फॉर्मॅट करावी लागेल. करायची का? खाली दोन बटणे, 'फॉर्मॅट डिस्क' आणि 'कॅन्सल'. कार्डाचा कोपरा बिघडला असेल, रीडर सैल असेल किंवा कार्ड लिनक्सचे असेल, तरी उपाय एकच सुचवला जातो, आणि तोही नेमका तोच जो फोटो घालवेल. मॅकवर अशा वेळी डिस्क बाहेर काढण्याचे आणि दुर्लक्ष करण्याचेही बटण असते. 'मला हे वाचता येत नाही' एवढेच खरे असताना 'पुसावे लागेल' म्हणणे चूक आहे. ही खिडकी बदलली पाहिजे.

ती बदलेपर्यंत वाचकांनी एवढे करावे. ती खिडकी आली की कॅन्सल दाबा, कार्ड बाहेर काढा आणि त्यावर नवे काही लिहू नका. दुसरा रीडर, दुसरे मशीन लावून पाहा. तरी उघडले नाही तर रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. आणि दुकानात मशीन टाकताना सीमध्ये काय, डीमध्ये काय आणि प्रत्येकात किती जीबी भरलेले आहे, हे कागदावर लिहून मशीनला चिकटवून द्या.