वर्तमान क्षण आणि लीळास्मरण

गेलेल्याचा शोक करू नये, येणाऱ्याची चिंता वाहू नये, समोरच्या क्षणी पूर्णपणे जगावे, हा उपदेश वाङ्मयाला नवा नाही. रोमन कवी होरेस याने इ. स. पूर्व 23 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या गीतांत, ज्योतिषाचे आकडे मांडून भविष्य चाचपणाऱ्या एका स्त्रीला तो केलेला आहे. त्याच गीतात मद्याचाही उल्लेख येतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. क्षणाचा भोग घेणे आणि त्या क्षणी सावध असणे या दोन गोष्टी एकच मानल्या, म्हणजे विचाराचा घोटाळा होतो.

महानुभाव साधकापुढे हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर साधकाचा मोठा आधार स्मरण हाच राहिला. आणि स्मरण तर होऊन गेलेल्या गोष्टीचे. मग अहोरात्र लीळा आठवणारा साधक भूतकाळातच वावरतो, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर काय?

ते लीळाचरित्राच्या घडणीतच सापडते. शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळा एकत्र केल्या, त्या सन्निधानी असलेल्यांच्या मुखातून. बिढार कोठे होते, आरोगणा कशाची झाली, विहरणास बरोबर कोण होते, कोणी काय विचारले आणि सर्वज्ञांनी काय निरूपिले, इतके बारकावे त्यात आहेत. असे बारकावे मागाहून नुसत्या इच्छेने आठवत नाहीत. गोष्ट घडत असतानाच चित्त तेथे असावे लागते. सन्निधानी बसूनही ज्याचे मन घरच्या व्यवहारात गुंतले असेल, त्याच्यापाशी म्हाइंभटांना देण्यासारखे काय उरले असणार? महदाइसांची प्रश्न विचारण्याची ख्याती या दृष्टीने पाहावी. जो ऐकतो त्यालाच शंका येते.

तथापि आक्षेपात काही तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. लीळा मुखोद्गत आहेत, पण दारी आलेल्या भुकेल्याकडे लक्ष नाही, अशी अवस्था असू शकते. आणि तिला स्मरण म्हणणे कठीण आहे. ते केवळ पाठांतर होय.

सर्वज्ञांच्या वियोगाने आचार्य श्रीनागदेवांना झालेले दुःख सर्वश्रुत आहे. त्या दुःखातही त्यांनी सर्वज्ञांची आज्ञा मोडली नाही. ते रिद्धपुरास श्रीप्रभूंकडे आले. तेथे स्मरण होतेच, परंतु समोर श्रीगोविंदप्रभूही होते. त्यांच्या लहरी सांभाळायच्या, त्यांची सेवा करायची, हे रोजचे काम होते. दुःखी माणसाला असे काम किती जड जाते, हे सेवा करणाऱ्यासच कळावे.

येथेच धवळ्यांचा प्रसंग घडला. श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली, भक्तांनी सिद्धता केली, आणि महदाइसांना गाण्याची आज्ञा झाली. आगाऊ काही रचून ठेवलेले नव्हते. त्यांनी जे गाइले ते श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे, म्हणजे द्वापारातले. गाइले ते मात्र समोर बसलेल्या वरासाठी. येथे भूत आणि वर्तमान वेगळे काढू गेल्यास धवळ्यांचा अर्थच नाहीसा होतो. उत्तरार्ध पुढे झाला. पूर्वार्ध त्या घटकेला मुखी आला, कारण ती कथा चित्तात आधीच वसलेली होती, आणि चित्त त्या मांडवातच होते.