संसार दोघांचा, हिशेब सरकारचा

डिसेंबर 1917. क्रांतीला दोन महिनेही झाले नव्हते. युद्धाचा आणि भाकरीचा प्रश्न आ वासून उभा असताना बोल्शेविक सरकारने लग्न आणि घटस्फोट यांवर दोन हुकूम काढले. लग्न चर्चकडून काढून नोंदणी कचेरीकडे दिलं आणि घटस्फोट अगदी सोपा केला. एवढी घाई का केली असेल? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतर आजपर्यंत रशियातल्या कोणत्याही राजवटीला तरुण जोडप्याच्या घरात डोकावल्याशिवाय राहवलेलं नाही.

सुरुवातीचा विचार मात्र उदात्त होता. बोल्शेविक पुढारी अलेक्झांड्रा कोलोन्ताय म्हणत होती की स्वयंपाक, धुणी, मुलांचं संगोपन हा भार समाजाने उचलावा. सार्वजनिक भोजनालयं, धुलाईगृहं, पाळणाघरं उभी राहिली की स्त्री-पुरुष केवळ प्रेमापोटी एकत्र राहतील. 1920 मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. 1926 च्या कायद्याने नोंदणीशिवायच्या सहजीवनालाही मान्यता दिली आणि एकाने कळवलं तरी घटस्फोट होऊ लागला. दुसऱ्याला ती बातमी पोस्टकार्डाने कळे. कोलोन्तायचा विचार चुकला असं मला वाटत नाही. त्यातला फुकटचा भाग तेवढा अमलात आला, खर्चाचा भाग राहून गेला. पाळणाघरं पुरेशी झाली नाहीत. नवरा मोकळा झाला आणि बाई मुलांसकट अडकली.

मग गाडी उलट वळली. 1936 मध्ये गर्भपातावर बंदी आली, घटस्फोटाची फी पहिल्या वेळी 50, दुसऱ्या वेळी 150 आणि पुढे 300 रुबल झाली. 1944 मध्ये, युद्धात लाखो पुरुष मारले जात असताना, दहा मुलांच्या आईला ‘वीरमाता’ हा किताब जाहीर झाला. त्याच हुकुमाने लग्नाबाहेरच्या मुलाचा बापाच्या नावावरचा हक्क काढून घेतला. पुरुष नव्हतेच, म्हणून मुलं जन्मावीत आणि बापावर बोजा पडू नये, असा हा हिशेब होता. त्याची किंमत आई आणि मूल यांनी मोजली.

या सगळ्या हुकुमांनी मुलं मोजली. तास कुणी मोजले नाहीत. ते काम एका कथालेखिकेने केलं. नताल्या बारान्स्काया यांची ‘आठवडा, नेहमीसारखाच’ ही दीर्घकथा 1969 मध्ये ‘नोवी मीर’ मासिकात आली. ओल्गा व्होरोन्कोवा ही मॉस्कोतली सव्वीस वर्षांची संशोधक, दोन मुलांची आई. बसमध्ये धक्के खात प्रयोगशाळा गाठणं, दुपारच्या सुट्टीत रांगेत उभं राहून किराणा घेणं, रात्री मोज्यांना रफू. त्यातच कामाच्या ठिकाणी एक प्रश्नावली येते: घरकामाला किती तास लागतात, फुरसत किती मिळते? नवरा, दीमा, वाईट माणूस नाही. तो वाचत बसतो, एवढंच. सोव्हिएत संसाराबद्दल मी जे काही वाचलं, त्यात याहून खरं काही मला सापडलेलं नाही.

बायकांना नोकरी मिळाली होती, पुरुषांना घरकाम मिळालं नव्हतं. ही फट आजीने, बाबुश्काने, बुजवली. वयाच्या 55 व्या वर्षी निवृत्त झालेली आई नातवंडं सांभाळी, म्हणून सून किंवा लेक कामावर जाऊ शके. जागाही तिचीच असे. 1957 नंतर सोव्हिएत नेता ख्रुश्चॉव्हच्या पाच मजली इमारतींनी असंख्य कुटुंबांना सामायिक घरातून बाहेर काढलं. पण त्या दोन खोल्यांतही नव्या जोडप्याचं अंथरूण बहुधा आईवडिलांच्या भिंतीपलीकडेच पडलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर घरं त्यात राहणाऱ्यांच्या मालकीची झाली. पुढच्या पिढीच्या वाट्याला सरकारी घराच्या रांगेऐवजी गृहकर्ज आलं.

2007 पासून दुसऱ्या मुलासाठी ‘मातृत्व भांडवल’ हे सरकारी अनुदान मिळू लागलं, 2020 पासून पहिल्यासाठीही. त्याचा मोठा भाग घरावरच खर्च होतो. पण 2018 मध्ये बायकांचं निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने 60 वर नेण्याचा कायदा झाला. म्हणजे ज्या आजीवर सगळं उभं होतं, तिचीच पाच वर्षं काढून घेतली. कुटुंबधोरण म्हणून त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेनमधल्या युद्धासाठी 3 लाख राखीव पुरुषांना सैन्यात बोलावलं गेलं आणि कित्येक जोडप्यांनी घाईघाईने नोंदणी कचेरी गाठली. कित्येक तरुण देश सोडून गेले. 2024 हे ‘कुटुंब वर्ष’ जाहीर झालं. त्या वर्षी सुमारे 12.2 लाख मुलं जन्मली, 1999 नंतरचा हा नीचांक. एक कारण जुनं आहे: नव्वदच्या दशकात मुलीच कमी जन्मल्या, त्यामुळे आज आया होऊ शकणाऱ्या तरुणीही कमी आहेत. पण सरकारचं उत्तरही जुन्याच वळणाचं आहे. ‘वीरमाता’ किताब 2022 मध्ये परत आला, घटस्फोटाची फी 650 वरून 5,000 रुबल झाली, मूल नको म्हणण्याच्या प्रचारावर बंदी आली.

उपायाची खरी जागा दुसरीकडे आहे. मूल तीन वर्षांचं होईपर्यंतची रजा रशियन कायद्याने आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी कुणीही घेऊ शकतं. घेते मात्र जवळजवळ नेहमी आईच, आणि तिचा नोकरीतून मिळणारा भत्ता दीड वर्षानेच थांबतो. उरलेल्या दीड वर्षाचे पैसे, आणि आईच्या नावावर करता येणार नाही अशी काही महिन्यांची बापाची रजा: सरकारला काही करायचंच असेल तर ते इथून सुरू करावं.