मुलांच्या हवाली केलेलं जहाज

ईटहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब. भूम तालुक्याच्या या खव्याच्या मुलखात जुन्या जहाजांचा विचार कशाला, असं कुणी विचारील. पण ज्याचं काम संपलं त्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न इथेही रोजचाच आहे.

दीपनौका म्हणजे जागेवर नांगरून ठेवलेलं जहाज. वाळूचे दांडे सरकतात, पाया धरत नाही, तिथे दीपगृह बांधता येत नसे. मग डोलकाठीवर दिवा घेऊन ही नौका वर्षानुवर्षं उभी राही. पुढे दिवे आपोआप लागू लागले आणि १९८९ मध्ये ब्रिटनच्या शेवटच्या दीपनौकेवरचेही खलाशी उतरले. कामावरून उतरवलेली अशीच एक दीपनौका आज एसेक्समधल्या टॉल्सबरीजवळच्या खाजणात आहे. मुलं तिच्यात मुक्कामाला येतात आणि शिडाच्या होड्या हाकायला शिकतात.

जुन्या जहाजात मुलांनी शिकणं आपल्याकडे याच्या फार आधी घडलं होतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढली. तिची पहिली बोट ‘लॉयल्टी’ जुनीच होती: आधी कॅनडातल्या कंपनीची प्रवासी बोट, मग पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांचं इस्पितळ-जहाज. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. बोट आपली झाली, पण ती चालवणारे हिंदी अधिकारी आणायचे कुठून? ते तयार करणारी जागाच देशात नव्हती. ही उणीव एका म्हाताऱ्या बोटीने भरून काढली. ‘डफरिन’ ही १९०४ सालची सैनिकवाहू बोट १९२७ मध्ये माझगावपाशी नांगरून तिची शाळा केली गेली. हिंदी मुलं तिच्यावरच राहत आणि तिथेच दर्यावर्दी विद्या शिकत. बोट जागची हलली नाही, पण तिच्यावर शिकलेले अधिकारी जगाच्या बंदरांत पोचले. १९७२ मध्ये तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. पुढे १९९३ मध्ये हे शिक्षण नवी मुंबईत करावे इथे जमिनीवर आलं, तरी त्या संस्थेचं नाव ‘ट्रेनिंग शिप चाणक्य’ असंच राहिलं.

माझगावला लागूनच दारूखाना आहे. तिथे २०१४ मध्ये ‘विक्रांत’ ही नौदलाची जुनी विमानवाहू नौका तोडायला घेतली. १९७१ चं युद्ध गाजवलेलं हे जहाज १९९७ मध्ये निवृत्त झालं, मग त्याचं संग्रहालय झालं, आणि २०१२ मध्ये धोकादायक म्हणून तेही बंद पडलं. पैसा नव्हता, सांगाडा झिजला होता, ही कारणं खरीच. तरी मला वाटतं, विक्रांतला पाहुणे मिळाले, रहिवासी मिळाले नाहीत. अभिमानाने पाहून घरी परतणारी माणसं हजारो होती. ते जहाज नसेल तर ज्याचं उद्याचं काम अडेल, असं कुणी नव्हतं. डफरिनवर मात्र दरवर्षी नवी तुकडी यायची. मुलं यायची म्हणून तिची डागडुजी करणं भाग होतं.

ईटसारख्या गावांत जहाज नसतं. पण पटसंख्या घटून रिकाम्या झालेल्या खोल्या, कुलूप लागलेली गोदामं, वापराविना पडून असलेली सभागृहं आपल्या भागात पुष्कळ सापडतात. त्यांचं काही करायचं म्हटलं की आधी रंग, मग कोनशिला, मग नावाचा वाद. दुसरीकडे पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं आहेत, आणि वाचायला शांत खोली नाही म्हणून पुण्याच्या अभ्यासिकेत पैसे भरून बसणारीही. पोरींना तर संध्याकाळनंतर निर्धास्त बसता येईल अशी जागा शोधूनही मिळत नाही. त्या खोल्या आणि ही मुलं एकाच गावची असून त्यांची गाठ पडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अशी इमारत दुरुस्त करण्याआधी तिची किल्ली कुणाकडे राहील ते ठरवावं. ग्रामसभेत ठराव करून ती गावातल्या मुलामुलींच्या गटाकडे द्यावी. छत गळतं की नाही, वीजबिल किती येतं, पहाटे पाचला दार कोण उघडणार, हे हिशेब त्यांनाच मांडू द्यावेत. आधी काय दुरुस्त करायचं, हेही त्यांनाच विचारावं.