बाज उचलणारे चौघे

शास्त्रभाग : मार्क २:१-१२



कफर्णहूम येथे चौघांनी घराचे छप्पर उकलून एका पक्षघाती मनुष्यास प्रभूपुढे खाली सोडिले, हा वृत्तांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रभूने त्या बाज वाहणाऱ्यांचा विश्वास पाहिला, हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या खेड्यांतही पुष्कळांस पक्षघात होतो, आणि त्याचे एक मोठे कारण रक्ताचा वाढलेला दाब हे आहे.

संभाजीनगरची पाणचक्की आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. दूरच्या झऱ्याचे पाणी तेथे मातीच्या नळांतून भूमीखालून आणिलेले आहे. अशा नळात पाण्याचा जोर प्रमाणाबाहेर वाढला तर वरून चालणाऱ्यास काय कळणार? नळ फुटेल तेव्हाच कळेल. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. दाब वाढलेल्या मनुष्याचे बहुधा काही दुखत नाही. तो शेतात जातो, उपासनेस येतो, आणि एके दिवशी मेंदूतील वाहिनी तुंबते किंवा फुटते. ह्यास्तव तिशी उलटलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन दाब मोजून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक असा वारंवार भरला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

कित्येक म्हणतात, "आम्ही प्रार्थना केली; आता गोळी घेणे हा अविश्वास होय." बंधूंनो, पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्यच होता. गोळी सोडिल्याने विश्वास वाढत नाही, दाब मात्र वाढतो. बरे वाटू लागले म्हणूनही ती आपल्या मनाने बंद करू नये.

परंतु मनुष्याने हे ओझे एकट्याने वाहावे असा देवाचा हेतू नाही. पक्षघात झाल्यावर बाज उचलण्यास सारे गाव धावते. तो होण्यापूर्वी कोण धावतो?

बाजेचा एक कोपरा स्वयंपाक करणारीने धरावा. एका माणसास दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ह्याहून कमी मीठ पुरे. ठेचा, लोणचे व पापड ह्यांतील मीठही त्यातच मोजावे. आजाऱ्यास वेगळे अळणी वाढून इतरांनी खारट खाऊ नये. सर्वांनी एकच भाजी खावी. दुसरा कोपरा मुलांनी धरावा : दाब मोजण्यास घेऊन जावे, औषध संपण्यापूर्वी आणावे. तिसरा जोडीदाराने धरावा : रोज अर्धा तास बरोबर चालावे, तंबाखू व मिशरी दोघांनीही सोडावी, दारू घरात येऊ देऊ नये. चौथा मंडळीने धरावा : जेवणावळीत आग्रह करू नये, पथ्य पाळणाऱ्याची थट्टा करू नये.

आणि त्या बाजेवर आईही असू शकते, हे विसरू नका. ती सर्वांस वाढून शेवटी ठेचा-भाकरीवर भागविते, आणि डोके जड झाले तरी बोलत नाही. तिला आरोग्य केंद्रात कोण नेणार?

येत्या आदितवारी उपासनेहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने एवढे ठरवावे, की आपल्या घरी कोणाचा दाब अजून मोजलेला नाही आणि त्याचा हात कोण धरील. ज्या प्रभूने चौघांचा विश्वास पाहिला, तो आपलाही पाहो. आमेन.