उपासनेतला ‘मी’

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकावरून आकुर्डीच्या मुक्कामाकडे जाते, त्या वेळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांत नगर जिल्ह्यातून कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आलेला आणि निवृत्तीनंतर प्राधिकरणातच स्थिरावलेला माझ्यासारखा एखादा मराठी ख्रिस्तीही असतो. आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो असे नारायण वामन टिळक सांगत, याचे स्मरण असल्यामुळे त्याला त्या गर्दीत परकेपणा वाटत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मराठी मंडळीच्या हाती जी गीते दिली, ती गातच आमच्या घरच्या तीन पिढ्या वाढल्या. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या माझ्या प्रतीची बांधणी सुटली आहे, पण कोणते गीत पेटीच्या कोणत्या पट्टीत धरावे याची आईने समासात पेन्सिलीने केलेली टिपणे अद्याप वाचता येतात.

हल्ली ते पुस्तक क्वचितच उघडावे लागते. रविवारी शब्द पडद्यावर उमटतात, नातू की-बोर्डवर बसतो, आणखी दोन मुले गिटार व ड्रम सांभाळतात, आणि जी गाणी होतात त्यांपैकी पुष्कळशी परदेशातून हिंदीमार्गे मराठीत उतरलेली असतात. एकच ओळ आठ-दहा वेळा आळवली जाते, शेवटच्या आवर्तनापूर्वी ड्रम एकाएकी थांबतो, गाणारी मुलगी डोळे मिटते, आणि माझे डोळे भरून येतात. ते भरून येतात याचाच मला राग येतो; कारण तो ड्रम नेमका कोठे थांबवायचा हे आदल्या संध्याकाळी आमच्याच दिवाणखान्यात तीनदा घोटून झालेले मी ऐकलेले असते. हा राग मी बोलून दाखवला तेव्हा नातवाने विचारले, “म्हणजे आम्ही ढोंग करतो का, आजोबा?” मला उत्तर सुचले नाही. आख्यानात कोठे थांबायचे हे कीर्तनकारही घरूनच ठरवून येतो.

तरी गाणाऱ्यांच्या खरेपणाविषयीची ही शंका केवळ म्हाताऱ्याचा हेकटपणा नव्हे. 1960च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील तरुणांनी रॉकच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी म्हणावयास आरंभ केला, तेव्हा तो भाबडा उत्साह होता. पुढे त्याचा व्यापार झाला. हा व्यापार सलणारा एक गायक त्यांच्यातच निघाला. कीथ ग्रीन याने स्पॅरो या ध्वनिमुद्रण कंपनीशी असलेला करार सोडून 1980 साली आपली तबकडी ज्याला जे परवडेल त्या मोलाने, आणि न परवडल्यास फुकट, देण्यास प्रारंभ केला. दोन वर्षांनी विमान अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस होते. तीच स्पॅरो कंपनी 1992 मध्ये ईएमआयने विकत घेतली.

या बाबतीत आपल्याकडचा दंडक ग्रीनच्याही पुढे जाणारा आहे. जेथे कीर्तन करावे तेथले अन्न घेऊ नये, बुक्का लावून घेऊ नये, आपल्या जनावराकरिता वैरणसुद्धा मागू नये, आणि द्रव्य घेणारा व देणारा दोघेही एकाच वाटेने नरकास जातात, असे तुकोबांनी बजावून ठेवले. (आजच्या कीर्तनाच्या बिदाग्या पाहता हा अभंग फडावर फारसा निघत नसावा.)

परंतु पैशाची कैफियत सोपी. खरा मामला त्यापुढे आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल गुग्लिएलमुची या पाळकाने आपल्याला असाध्य कर्करोग झाल्याचे सांगून, रोगमुक्ती देणाऱ्या प्रभूवर रचलेले गीत नाकात प्राणवायूची नळी घालून मंडळीपुढे म्हटले. आणि 2008 साली आपल्याला कर्करोग कधीच नव्हता, अशी कबुली दिली. तोपर्यंत खरोखरीच्या आजाऱ्यांनी ते गीत उशाशी घेतले होते. त्या आजाऱ्यांची श्रद्धा खोटी म्हणावी काय? तसे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. मग ते गीत खरे होते काय? तेही म्हणवत नाही.

या पेचावर विचार करताना मला पालखीतलाच एक बारकावा उपयोगी पडला. वारकरी ‘तुका म्हणे’ ही अभंगातली नाममुद्रा म्हणतो, तेव्हा अनुभवाचा जामीन तुकोबा असतात. गाणाऱ्याने आपल्या अंतःकरणाचा दाखला सादर करावा अशी अपेक्षाच नसते, आणि म्हणून रुक्ष मनाने चालणारा वारकरीदेखील त्या मुद्रेच्या आश्रयाने खोटा न ठरता गाऊ शकतो. आजच्या गीतात मुद्रा नाही, पण ‘मी’ मात्र जागोजाग आहे. आणि मंचावर प्रकाशझोतात एकच इसम उभा असल्यामुळे तो ‘मी’ त्याचाच ठरतो. अशा गीताचे उपासनागीत राहत नाही, साक्ष होते. आणि साक्ष म्हटली की साक्षीदाराची उलटतपासणी आलीच. गायकांच्या निष्ठेविषयीचा आपला संशय त्यांच्या चारित्र्यापेक्षा या रचनेतून अधिक उपजतो, असे माझे मत झाले आहे.

टिळकांच्या गीतांतही ‘मी’ आहे, नाही असे नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त त्यांचा शीघ्रकोप, लहरीपणा, घरातले असेल नसेल ते वाटून टाकून संसार उघड्यावर आणण्याची खोड, काहीच झाकले नाही, तरी ते सारे वाचून त्यांचे एकही गीत मला फिके वाटले नाही. 1917 साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडणाऱ्या त्या माणसाची निष्ठा मोठी होती यात शंका नाही. पण ती गीते टिकली ती तिच्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. भजनाच्या वळणाची आणि साध्या गळ्याला झेपणारी असल्यामुळे ती एका माणसाच्या हाती राहिलीच नाहीत. त्यांतला ‘मी’ आईचा झाला, पेटी वाजवणाऱ्याचा झाला, आमच्या मागच्या बाकावर बेसूर गाणाऱ्या फिटरचाही झाला.

म्हणून आमच्या तरुण वादकांना माझी फिर्याद नाही, विनंती आहे. ड्रम हवा तेथे थांबवा, डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मिटा. फक्त येत्या नाताळात पट्टी दोन स्वर खाली आणा, कारण सध्याच्या पट्टीत दुसऱ्या कडव्यानंतर मागच्या चार बाकांवर कोणीच गात नाही.